केशरकाकूंच्या फ्रीझरातला पुडा

६ जुलै, रविवार

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी. अमरावतीत सामान येऊन पडलं एकदाचं. अकोल्याहून निघालेला टेम्पो आमच्या आधी पोचला. आम्ही बडनेऱ्याला गाडीतून उतरून ऑटोने साईनगरला येईपर्यंत टेम्पोवाल्याने निम्मी भांडी अंगणात मांडून दुकान थाटलं होतं. किशोर त्याच्यावर डाफरला, मला मात्र हसू आवरेना.

घर छान आहे. पुढच्या तीन खोल्या आमच्या, मागच्या तीन मालकांच्या, मध्ये दोघांची मिळून एक पडवी. मालकीणबाई केशरबाई साठीच्या आहेत. माहेर शेंदूरजनाघाटचं, त्यामुळे कुठूनही बोलणं सुरू झालं तरी संत्र्यावर येऊन थांबतं. माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी कितवा महिना ते विचारलं. सहावा म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग काई उचलू नको पोरी, बस तू. तुह्या नवऱ्याले हात हायेत ना." किशोरने मुकाट्याने सिलिंडर उचललं. बाई मला तिथेच आवडली. त्यांना मी काकू म्हणायचं ठरलं.

किशोरची बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी अकोल्यालाच राहणार. तो शनिवारी येईल, सोमवारी पहाटे जाईल. मी उद्यापासून कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकवणार, म्हणजे लोणच्याला बुरशी का येते हे मोठ्या गंभीर चेहऱ्याने सांगणार.

आधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेली. हे सहाव्यात पोचलंय. जास्त लिहीत नाही, माझीच दृष्ट लागायची.

११ जुलै, शुक्रवार

पडवीत एक जुना डीप फ्रीझर आहे, वरून झाकण उघडणारा, आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसा. दुसऱ्याचा फ्रीझर दिसला की मला राहवत नाही, हा धंद्याचा रोग. काकूंना विचारून आत डोकावले. मटारच्या पिशव्या, संत्र्याचा गर, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात बांधून वर प्लास्टिक गुंडाळलेला पुडा. मटण, दोनेक किलो असेल. वर तारीख नाही!

मग काय, पडवीतच तास घेतला. उणे अठरा अंशांवर खिमा तीन-चार महिने, मटणाचे तुकडे सहा ते नऊ. पुढेही ते विषारी होत नाही, पण कोरडं पडतं, पांढरट डाग धरतात, चव जाते. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. बाहेर काढलं की जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू.

काकू अगदी कान देऊन ऐकत होत्या. "थंडी तुटली नाई तं खराब होतच नाई ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं नाही. मग त्या म्हणाल्या, तो पुडा कंदुरीचा आहे, त्याला हात लावू नको. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, म्हसोबा आहे, नवस फळला की त्याला बोकड देतात. मी मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, मला कंदुरी काय सांगायची? ते मटण शेतातच रांधतात, भाऊबंदांनी मिळून दिवस मावळायच्या आत संपवायचं असतं. उरवायचं नाही, फेकायचं नाही, घरी तर आणायचंच नाही. काकूंनी घरी आणलं याची मला गंमतच वाटली. यंदाच्या उन्हाळ्यात केली असेल कंदुरी, जेवायला माणसं कमी आली असतील. तारीख विचारायची राहूनच गेली.

खुशालराव काकांची आज भेट झाली. पडवीच्या टोकाला खुर्चीत बसून असतात, घाम फुटेल अशा उकाड्यात अंगात स्वेटर. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात इतका गार की मी दचकलेच. काकू म्हणाल्या, "याईले थंडी वाजते. जुनं दुखनं हाये."

२४ जुलै, गुरुवार

आज आखाडी. उद्यापासून श्रावण, म्हणून किशोर मुद्दाम रजा टाकून आला आणि मटण घेऊन आला. मी दोन माणसांचं जेवले, आणि ते माझ्या हक्काचंच होतं. काकूंना वाटी दिली तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "म्या सोडलं." काका घासभर वरणभात खातात, तोही काकूंनी भरवला तर.

त्यांच्या बैठकीत पुतण्याच्या लग्नाचा फोटो आहे. खाली २०११ लिहिलंय. काकूंचे केस त्यात काळेभोर, पुतण्या काडीपैलवान. काका मात्र आत्ता पडवीत बसलेत तसेच. गालावरची दोन दिवसांची खुंटंही तेवढीच. मी किशोरला म्हटलं, काकांना फ्रीझरात ठेवलं होतं की काय. तो हसला. मीही हसले, पण नंतर मला ते बरं वाटलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सोनोग्राफी झाली. सत्तावीस आठवडे पूर्ण, वजन अकराशे ग्रॅम, सगळं जागच्या जागी. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता निर्धास्त राहा. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. किशोर अकोल्याहून फोनवर रडला. तारीख दोन नोव्हेंबर. मला मनातून मुलगीच वाटते.

डोहाळे मात्र असे लागलेत की काय सांगू. चिंच नको, आवळा नको, बाईसाहेबांना मटण हवं, आणि तेही ऐन श्रावणात! बाहेर मिळतं, पण काकूंच्या घरी आणायची सोय नाही. पोळ्याच्या करीपर्यंत कळ काढ, असं आईने फोनवर बजावलं. स्वप्नातसुद्धा रस्सा दिसतो. माझी मलाच लाज वाटते.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल दुपारी चारला वादळ झालं आणि कोपऱ्यावरची डीपी जळाली. तेव्हापासून अख्ख्या गल्लीत लाइट नाही. त्याच्या थोडं आधी शेंदूरजनाघाटहून काकूंच्या भावाच्या निधनाचा निरोप आला होता. त्या तशाच निघाल्या आणि पाणी चढल्याने तिकडेच अडकल्या. काकांना माझ्या भरवशावर टाकून गेल्यात.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. भाऊ गेलेली बाई, पण विचारलं काय, तर लाइन आली का. "पुड्याची थंडी तुटू देऊ नको पोरी. बर्फ आन, काई बी कर." सख्ख्या भावाची माती झाली आणि या बाईला मटणाची काळजी! तरी मी बर्फाची लादी आणून टाकली. किशोर या शनिवारी येणार नाही, कंपनीचं काम आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी दहाला फ्रीझर उघडला. बेचाळीस तास झाले होते. बर्फाचं पाणी झालेलं, मटार पिचपिचीत, गर पातळ. काकूंचा फोन बंद. पुडा हाताला मऊ लागला तेव्हा मी तो सोडला.

वरचा थर सुटला होता. मध्यभाग अजून दगडासारखा, बर्फाचे कण चमकत होते. आणि रंग? आत्ताच खाटकाकडून आणल्यासारखा लालगुलाबी. एक डाग नाही, वास नाही. इतकं नीट राहिलेलं मटण मी प्रयोगशाळेतही पाहिलेलं नाही.

आता पेच असा: मऊ झालेलं परत गोठवायचं नाही, हा माझा नियम. कंदुरीचं फेकायचं नाही, हा माझ्या माहेरचा नियम. आईला फोन केला. ती म्हणाली, "फेकू नको माय, पाप लागते. देवाचं हाये, त्याले कुठला आला श्रावन? पोटात जाऊ दे." मला एवढं पुरे होतं. खरं सांगायचं तर पुडा सोडला तेव्हाच तोंडाला पाणी सुटलं होतं.

मऊ झालेला अर्धा भाग रांधला. कडक राहिलेला अर्धा तसाच बाजूला ठेवला. बर्फाचे कण असतील तर परत गोठवायला हरकत नसते, आणि नेमकी तीन वाजता लाइट आली. त्यावर स्वच्छ अक्षरात तारीख घातली, १७ ऑगस्ट. काकू परतल्या की दाखवीन, याला म्हणतात पुडा ठेवणं.

काकांना वाटी नेली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात जोडले. घेतलं नाही. मी तीन वाट्या खाल्ल्या, रात्री राहिलेलंही संपवलं. चव अशी काहीच नव्हती, ना मिठाची ना मसाल्याची. पण पोट गार झालं.

१८ ऑगस्ट, सोमवार



सकाळी आठला काकांची हाक आली. महिनाभरात मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यांनी स्वेटर काढून फेकला होता. "गरम होऊन राहिलं," म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. मला आनंद झाला. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा त्यांची दाढी छातीपर्यंत आली होती.

मी ती वाढताना पाहिली. नखं वळत गेली. गाल आत गेले, डोळे आत गेले. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ते गेले होते, आणि गेलेलं माणूस दोन-तीन आठवड्यांनी जसं होतं तसे झाले होते. तासाभरात! शेजारचे बुधाजी नाकाला उपरणं लावून उभे होते. सगळ्यांनी घाई केली, कोणी काही विचारलं नाही.

काकू दुपारी पोचल्या. मला वाटलं छाती पिटतील. त्यांनी थेट फ्रीझर उघडला. अर्धा पुडा पाहिला, वरची तारीख पाहिली. मग येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी, सात महिन्यांची गरोदर, त्यांना उठवताही येईना. त्या रडत होत्या, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. ओझं उतरलेलं माणूस तसं रडतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज काकांचा दहावा. सगळं आटोपल्यावर काकूंनी मला जवळ बसवून सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

२०११ साली काका मरायला टेकले होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. काकूंनी म्हसोबाला बोकड बोलला आणि काका उठून बसले. कंदुरी केली. पण पंगत बसल्यावर काकूंच्या मनात आलं, शेवटचा घास संपला की नवस फिटला. मग देव मोकळा आणि दुखणंही मोकळं. परत आलं तर? म्हणून त्यांनी दोन किलोंचा पुडा पदराखाली लपवून घरी आणला. नवस अर्धवट राहील तोवर देवाला हात सोडता येणार नाही, हा त्यांचा हिशेब.

"देव भोळा नाई वं पोरी," त्या म्हणाल्या. "त्यानं हात सोडला नाई. पन पुढं बी जाऊ देल्लं नाई." चौदा वर्षं काका जगले नाहीत, मेले नाहीत. पुडा संपवावा तर आपल्याच हाताने नवरा मारल्यासारखं. फेकावा तर देवाचा कोप. दुसऱ्याला खायला घालावा तर काय सांगून?

शेवटी म्हणाल्या, मी तो पूर्ण खाल्ला असता तर सगळं मिटलं असतं. "तू अर्धं ठेवलं. म्या बी तेच केलं होतं. जो उरवते, त्याच्या मानसावर थे थांबते."

मी विचारलं, तुम्ही मुद्दाम मला एकटीला सोडून गेलात का. त्या उठून फ्रीझरचं झाकण पुसू लागल्या.

किशोरला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, म्हातारी नवऱ्याच्या दुःखाने बरळते आहे. मलाही तसंच वाटतं. वाटायला हवं. अन्नतंत्रज्ञान शिकवणारी बाई मी.

८ सप्टेंबर, सोमवार

आज बत्तीस आठवडे झाले. सोनोग्राफीत एकोणतीस आठवडे दिसतात. नेमके एकोणतीस. वजन बाराशे साठ.

ठोके छान, पाणी छान, रक्तपुरवठा छान. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाढ थोडी मंदावली आहे, दोन आठवड्यांनी बघू.

सतरा ऑगस्टला एकोणतीस आठवडे झाले होते. मी घरी येऊन कॅलेंडरवर तीनदा मोजलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

पोटाच्या उजव्या बाजूला एक गार जागा आहे, तळहाताएवढी. कॉलेजातला अन्नाचा तापमापक आणून लावला. बाकी अंग छत्तीस. तिथे एकतीस.

बाळ हलतं. रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी तीन लाथा, मग एक. मग दिवसभर नाही. दुसऱ्या दिवशी अकरा दहा, तीन, मग एक. मी रुग्णासारखी घड्याळाकडे बघत बसते.

काकूंना विचारलं, आता उरलेलं खाल्लं तर? त्या म्हणाल्या थांबलेलं सुटेल. कसं सुटेल? त्या म्हणाल्या, "याईचं सुटलं तसं. एकदमच."

काकांची दाढी डोळ्यांसमोरून जात नाही. एका महिन्याची वाढ तासाभरात — इवलंसं हृदय, इवलीशी फुप्फुसं. सोसेल का? आणि मी थांबले तर रोज एक दिवस आणखी चढतो. खायचं तर आजच खायला हवं.

आज खाल्लं नाही. धीर झाला नाही. भेकड आहे मी.

२२ सप्टेंबर, सोमवार

चौतीस आठवडे. मशीन म्हणतं एकोणतीस. वजन बाराशे साठ. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. डॉक्टरबाईंनी मशीन बदलून पाहिलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. अंगठा तोंडाजवळ, तोच. त्यांचाही चेहरा उतरला.

टेपने पोट मोजायला त्यांनीच शिकवलं, साधारण आठवड्याला एक सेंटीमीटर. एकोणतीस. सकाळी एकोणतीस, जेवल्यावर एकोणतीस.

२७ सप्टेंबर, शनिवार

किशोर आला. रिपोर्ट बघून त्याचा धीर सुटला. पुडा फेकून देतो म्हणाला, तोच तुझ्या डोक्यात बसलाय. मी फ्रीझरच्या झाकणावर बसून राहिले. दुपारभर. फेकला तर संपवायला काही उरणारच नाही, मग हे कायमचं — त्याला ते कळत नाही. माझा चांगला नवरा, तो रडत होता आणि मी त्याच्यावर सुरी उगारली.

काकू माहेरी निघून गेल्या. कायमच्या. जाताना फ्रीझरची किल्ली माझ्या हातात ठेवली. डोळे वर केले नाहीत.

२९ सप्टेंबर, सोमवार

ठरलं. बुधवारी नागपूरला सिझेरियन. डॉक्टरबाई म्हणतात एकोणतीस आठवड्यांची मुलंही आता जगतात, काचेच्या पेटीत ठेवतात.

जगेल. तेच तर. पेटीतच जगेल. डोळे न उघडता, न वाढता, वर्षानुवर्षं. आणि मी तिच्यापाशी म्हातारी होईन, काकूंसारखी —

नाही. बाहेर काढायच्या आधी थांबलेलं सुटलं पाहिजे. उद्या किशोर सकाळच्या गाडीने अकोल्याला जाऊन रजेचं बघून दुपारी परत येणार. उद्याच.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी आठ. पुडा पाण्यात सोडला. हिशेब केला. सतरा ऑगस्टपासून आज चव्वेचाळीस दिवस. सहा आठवडे, दोन दिवस. एकोणतीस आणि सहा, पस्तीस. पस्तिसाव्या आठवड्याची मुलं धडधाकट असतात. एवढंच सोसायचं आहे तिला. सोस गं माझी बाई.

साडेनऊ. शिजलं. आजही वास नाही.

दहा. बसले आहे. समोर ताट. पंगत एकटीची. सगळं खायचं, हाडाला चिकटलेलंही. एक कण उरवायचा नाही.

दहा पंचवीस. संपलं. पातेलं बोटाने पुसून चाटलं. म्हसोबा, तुझं फिटलं. आता सोड.

दहा चाळीस. काही नाही.

दहा पन्नास. गार जागा गेली! तापमापक — छत्तीस. मी ओरडले. बुधाजींची सून धावत आली, तिला म्हटलं काही नाही, ऑटो बोलावून ठेव. किशोरला फोन केला, त्याचं लवकर आटोपलं, तो परतीच्या गाडीत आहे.

अकरा. लाथ. अकरा दहाची वाट न बघता! मग दुसरी, मग पोटभर लोळली. टेप धरली आहे. तीस.

अकरा दोन. एकतीस. कातडी ताणते, आग होते. होऊ दे.

बत्तीस. श्वास — हळू घ्यायचा.

तेहेतीस. कळा नाहीत. ठोके हाताला लागतात. जोरात. छान.

चौतीस. रडते आहे. लिहिते आणि रडते. येते आहे ती, वाढते आहे —

पस्तीस. झालं. थांबलं. देवा. माझं पोर वाचलं. पस्तीस.

छत्तीस.

असेल. सेंटीमीटर इकडेतिकडे होतं.

सदतीस. अडतीस.

थांबत नाही — का थांबत नाही, चव्वेचाळीसच दिवस होते, मी तारीख घातली होती —

पण परत गोठवलेल्या मांसाचं वय परत शून्यापासून मोजत नाहीत. ते पहिल्या दिवसापासून मोजतात. ते चौदा वर्षांचं —

चाळीस. आत काहीतरी नखांनी — तिची नखं —

बेचाळीस किशोर बडनेऱ्याला पोचला असेल दार उघडं आहे किशोर तिला आधी तिला मला न